बोरू, बोंड आणि नदीचा उतार

एकच विषय धरून लिहा, म्हणजे नाव होतं, असा सल्ला लिहिणाऱ्याला हमखास मिळतो. मला तो कधी पटला नाही. आमच्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या सर्वांत मोठ्या लेखकालाही तो पटला नसता. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांच्या दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यात ब्रह्म आहे, भक्ती आहे, तशी मूर्खांची लक्षणं आहेत, राजकारण आहे, आणि सूर्य, पाणी, अग्नी, वारा यांवर स्वतंत्र समास आहेत. बागेत कुठकुठली झाडं लावावीत यावरही त्यांनी वेगळं प्रकरण रचलं.

वर्ष सरताना मी दासबोधाचा एकोणिसावा दशक उघडते. त्याचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सुटं आणि काळंभोर असावं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. पानाच्या भोवती जागा सोडावी, कडा झिजून झडल्या तरी मजकूर शाबूत राहावा म्हणून. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. बोरू देशोदेशींचे जमवावेत. परमार्थ सांगायला बसलेला माणूस समासाच्या कोऱ्या जागेचा इतका विचार करतो, हे मला फार मोठं वाटतं. ज्याला पाहायची आवड आहे, त्याला कुठलीच गोष्ट क्षुल्लक नसते.

माझी नोकरी बियाणं तपासण्याची. ओल्या कागदाच्या गुंडाळीत कपाशीचं, भेंडीचं बी ठेवायचं आणि ठरल्या दिवशी उलगडून किती उगवलं ते मोजायचं. जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हे सगळं आम्हाला पाठ. पण संकरित कपाशीवर लिहायचं ठरवलं तेव्हा मी बीजोत्पादनाच्या शेतात जाऊन बसले. उद्या उमलणारी कळी बाया आज दुपारनंतर हेरतात, तिच्यातले पुंकेसर अलगद काढून टाकतात आणि खूण करून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल आणून त्याचा पराग तिला लावतात. एकेक बोंड असं हाताने घडतं. प्रयोगशाळेत ते बी माझ्यापुढे टक्केवारी होऊन येत होतं. लिहिल्यामुळे त्यामागची बोटं दिसली.

यंदा सर्वांत जास्त पानं असईने घेतली. जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेला आर्थर वेलस्लीने हरवलं. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. तरी उतारवयात तो आपली सर्वांत चांगली लढाई असईचीच सांगायचा. केळणा ओलांडायला उतार नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. त्याने मात्र नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की एवढी जवळची गावं आहेत त्या अर्थी माणसं पाण्यातून ये-जा करतच असणार. उतार सापडला. मराठ्यांचा तोफखाना कसलेला होता, आणि त्याने इंग्रजांची जबर हानी केली. पण लढाईचा रस्ता उघडला तो गावकऱ्यांच्या रोजच्या पायवाटेने. इतिहासाच्या धड्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भोकरदनवर लिहिताना तर मी थेट इटलीत पोहोचले. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पुढे भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती निघाली, म्हणून पॉम्पेईची मूर्ती इथेच घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

रेशमाच्या कोषांवरचं टिपण अजून अपुरं आहे. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी आपले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. त्या प्रवासाच्या हकिकती मला जमवायच्या आहेत.

कपाशी, लढाई, हस्तिदंत, रेशीम. यांचा एकमेकांशी काय संबंध, असं मला विचारतात. संबंध आहे तो माणसांच्या हातांचा आणि वाटांचा. तो मला आधी माहीत नव्हता, लिहिता लिहिता उलगडला. विषय नवा असला की आपण विचारायला संकोचत नाही, आणि सांगणाराही सगळं पहिल्यापासून सांगतो. एरवी ओळख नसलेली किती दारं त्यामुळे उघडली!

नवीन वर्षाची डायरी तुमच्याही घरी येईल. तिची पानं हिशेबाने भरण्याआधी तुमच्या गावचा बाजार, बारव, जत्रा, एखादं मोडत चाललेलं कसब, जे आवडतं त्यावर दोन पानं लिहा. ज्यांना हे माहीत आहे त्या वडीलधाऱ्यांना या हिवाळ्यातच गाठा. आणि लिहिलेल्या पानावर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव घालायला विसरू नका.