पोचपावती कोणाची? पब्लिश-सबस्क्राइब समजून घेताना

मागच्या वर्षी माझ्या प्रयोगातली एका रात्रीची तापमानाची सगळी रीडिंग्ज गेली. सेन्सर चालू, ब्रोकर चालू, एररचा एक मेसेज नाही. रीडिंग्ज साठवणारा प्रोग्राम तेवढा बंद पडला होता. सेन्सरला त्याचा पत्ताच नव्हता, आणि पब्लिश-सबस्क्राइबमध्ये तो नसतोच.

या मॉडेलमध्ये पाठवणारा थेट कोणाला निरोप देत नाही. तो एका टॉपिकवर, समजा 'लॅब/तापमान'वर, घटना जाहीर करतो. ज्यांना ती हवी त्यांनी तो टॉपिक सबस्क्राइब केलेला असतो. वाटपाचं काम मधल्या ब्रोकरचं. युगस्टर आणि सहकाऱ्यांचा २००३चा सर्व्हे पेपर (वाचाच!) यातल्या तीन फारकती सांगतो: दोघांना एकमेकांची ओळख लागत नाही, एकाच वेळी हजर असावं लागत नाही, आणि कोणी कोणासाठी अडून बसत नाही. म्हणूनच उद्या आलेख काढणारा नवा प्रोग्राम जोडायचा झाला तर सेन्सरच्या कोडला हात लावावा लागत नाही.

पण दुसरी फारकत फुकट मिळत नाही. मी तिथेच फसले.

मी एमक्यूटीटी वापरत होते. त्यात क्यूओएस ० म्हणजे पाठवलं आणि विसरलं, १ म्हणजे किमान एकदा, २ म्हणजे नेमकं एकदा. माझं १ होतं, म्हणून निर्धास्त होते. पण सेन्सरला मिळणारी पोचपावती ब्रोकरची असते, शेवटी वाचणाऱ्याची नाही! त्यात माझा सबस्क्रायबर 'क्लीन सेशन'ने जोडलेला. कनेक्शन तुटलं तसं ब्रोकरने त्याचं सबस्क्रिप्शनच पुसून टाकलं. मग आलेले निरोप तो ठेवणार कोणासाठी?

उपाय सोपा होता: ठरलेला क्लायंट आयडी, क्लीन सेशन बंद, सबस्क्रिप्शनलाही क्यूओएस १. मग सरासरी विचित्र यायला लागली. 'किमान एकदा' म्हणजे कधीकधी दोनदा, हे डोक्यात आलंच नव्हतं. आता सेन्सर प्रत्येक रीडिंगला अनुक्रमांक देतो आणि साठवताना दुसरी प्रत गाळली जाते.

(काफ्कात चित्र वेगळं: निरोप ठरावीक मुदतीपर्यंत लॉगमध्येच राहतात आणि कुठवर वाचलं याची खूण वाचणाऱ्यागणिक ठेवली जाते.)

तुमच्या सेटअपमध्ये सबस्क्रायबर मुद्दाम दहा मिनिटं बंद करा, परत चालू करा आणि अनुक्रमांक तपासा. किती गळले, किती दोनदा आले? हे दोन आकडे मी आता मेथड्समध्ये लिहिते.