झाडाकडून घर बांधून घेणारे

लहानपणी तुम्हाला बाळगुटी दिली असेल, तर तुम्ही किड्यांची घरं चाटलेली आहेत. ‘ई’ करू नका, आजीला विचारा. सहाणेवर उगाळायच्या जिनसांत मायफळ असतं आणि काकडशिंगीही. यातलं मायफळ हे फळ नाही आणि काकडशिंगी ही शेंग नाही. दोन्ही झाडावरच्या गाठी आहेत, किड्यांनी झाडाकडून बांधून घेतलेल्या. इंग्रजीत त्यांना गॉल म्हणतात.

मला हे कळलं ते आमच्या कॉलेजच्या पार्किंगमधल्या सप्तपर्णीमुळे. सेकंड इयरला तिच्या पानांवर हिरव्या मण्यांसारख्या गाठी इतक्या उठल्या, की ‘झाडाला रोग लागलाय, तोडून टाका’ अशी चर्चा सुरू झाली. आम्ही चौघं एक पान घेऊन बॉटनीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी ब्लेडने एक गाठ उभी कापली. आत इवलीशी पोकळी, आणि तिच्यात मजेत बसलेलं सिलिड नावाच्या रसशोषक किड्याचं पिल्लू!

‘‘मॅडम, हे झाड खातंय ना?’’

‘‘खातंय. पण झाड मेलं तर याचंच घर गेलं.’’

म्हणजे पानं वेडीवाकडी होतात, काही गळतात, पण मोठं झाड सहसा मरत नाही.

गंमत अशी, की किडा स्वतः काहीच बांधत नाही. पेशी झाडाच्या, माल झाडाचा, मजुरीही झाडाची. प्लॅन तेवढा किड्याचा! त्यासाठी पान किंवा कळी कोवळी, वाढती लागते, जून पानावर हा खेळ जमत नाही. सुरुवात मात्र प्रत्येकाची वेगळी. विलोच्या पानांवर गाठी करणाऱ्या सॉफ्लायची मादी अंडं घालतानाच एक द्रव टोचते, आणि गाठ तेवढ्यावरच सुरू होते. ओकवरच्या चिमुकल्या गांधीलमाश्यांचं तसं नाही. तिथे अळी जिवंत हवी, ती मेली की बांधकाम बंद. सिलिड आणि मावा सोंड खुपसून रस ओढतात, आणि आजूबाजूचा भाग फुगून त्यांना झाकून टाकतो.

झाड एकच असलं तरी घरं सारखी नसतात. आपला आंबा घ्या. पानावर मसूर चिकटवल्यासारखे बारीक फोड दिसले तर ते मिज नावाच्या चिलटाएवढ्या माशीचं काम. उत्तर भारतातल्या आमराईत दुसराच एक सिलिड आहे. त्याच्यामुळे आंब्याच्या कळीचा टोकदार हिरवा शंकू होतो. जिथे मोहोर यायचा तिथे शंकू, म्हणजे त्या फांदीला आंबा नाही. हा किडा बागाईतदाराला खरंच रडवतो. झाड तेच, पण किडा बदलला की आकार बदलला. म्हणून जाणकार पुष्कळदा नुसती गाठ बघून मालकाचं नाव सांगतात.

हे झाडाला ‘सांगितलं’ कसं जातं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. पण 2021 मध्ये एक भारी धागा हाती लागला. अमेरिकेतल्या विच हेझल नावाच्या झुडपावर एक मावा शंकूसारख्या गाठी करतो, काही लाल, काही हिरव्या. ऐश्वर्या कोरगावकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा रंग झाडाच्या नाही, माव्याच्या एका जनुकामुळे ठरतो. त्या जनुकाच्या कुटुंबातली प्रथिनं माव्याच्या लाळग्रंथीत तयार होतात. त्यांना नाव दिलंय ‘बायसिकल’!

बंद घरात राहायचं म्हणजे आणखी एक अडचण येते, संडासची. गॉल करणाऱ्या गांधीलमाशीच्या अळीने तिच्यावर जालीम उपाय काढलाय. वाढ पूर्ण होईपर्यंत तिचं पोट मागच्या बाजूने बंदच असतं. होस्टेलवाल्यांनी हेवा करावा अशी सोय.

आता परत मायफळ. पश्चिम आशियातल्या ओकवर ही गाठ होते. आतली अळी सुरक्षित राहावी म्हणून बाहेरून टॅनिन ठासून भरलेलं. याच टॅनिनमध्ये हिराकस घालून युरोपात शतकानुशतकं काळी शाई केली गेली. माशी भोक पाडून उडून गेली की गाठीतलं टॅनिन उतरतं, म्हणून चांगला माल भोक पडायच्या आत तोडतात. म्हणजे तुमच्या गुटीतल्या मायफळाला भोक नसेल, तर माशी आतच राहिली होती. (आजीला हे सांगू नका.)

आम्ही सप्तपर्णीचं एक पान काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं होतं. काही दिवसांनी त्यातून सिलिड बाहेर येतील म्हणून बघतो तर एक चमकदार, मुंगीपेक्षा लहान गांधीलमाशी! मॅडम हसल्या. ‘‘ही घरमालक नव्हे. मालकाला खाऊन बाहेर आलीये.’’ बाहेरून रोगट दिसणाऱ्या एका पानात इतक्या भानगडी होत्या.

तो कापलेला मणी आणि ती बाटली आम्ही ऑफिसात नेऊन दाखवली. झाड तोडायचा विषय मागे पडला. ऑक्टोबरमध्ये सप्तपर्णी फुलली आणि त्या वासाने अर्ध्या वर्गाचं डोकं दुखलं, ती तक्रार वेगळी.