वर्गणी भरली, पण परेरा कोणता?

वसईच्या पापडीतल्या एखाद्या परेरांनी ‘अँसेस्ट्री’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर पणजोबांचे नाव टाकले, की शेजारी एक हिरवे पान हलू लागते. या माणसाची नोंद आमच्याकडे असू शकते, वर्गणी भरा आणि पाहा, असा त्याचा अर्थ. वर्गणी भरावी, तर समोर येतो लिस्बनचा परेरा, नाहीतर ब्राझीलचा. त्यात यंत्राची लबाडी नाही. आडनाव बापाकडून मुलाकडे येते, या गृहीतावर ते चालते. वसईतल्या पहिल्या ख्रिस्ती पिढीला मात्र ते बापाकडून मिळालेच नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी ते मिळाले, कधी धर्मगुरूचे, कधी धर्मपित्याचे. म्हणून एकाच आळीतल्या दोन परेरांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही आणि वेगवेगळ्या वेळी बाप्तिस्मा घेतलेल्या भावांचे वंशज आज वेगळी आडनावे लावत असू शकतात.

मग खरा आधार कशाचा? चर्चच्या दप्तराचा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या वह्यांचे नमुनेच घालून दिले. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांचा फरक! अर्थात १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्या आसऱ्याने चाललेली घडीही विस्कटली. त्यामुळे वंशवृक्ष थेट सोळाव्या शतकाला नेऊन भिडवणाऱ्याकडे पुरावा मागावा.

कागद शोधायचा तर आधी हद्द ओळखावी लागते. पापडीचे ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’ आज वसई धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे, पण हा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा निघाला. त्याआधी मुंबई, १९२८ च्या आधी दमण, १८८६ च्या करारातून दमणचा धर्मप्रांत उभा राहण्यापूर्वी गोवा. पणजोबा पापडी सोडून कुठे गेले नसतील, पण त्यांच्या चर्चचा कारभार चार ठिकाणांहून चालला. पत्रव्यवहार, परवानग्या, तक्रारी यांचे कागद त्या त्या ठिकाणच्या दप्तरात शोधायचे. महागडी वर्गणी भरून ‘पापडी, ठाणे जिल्हा’ असे टाकत बसणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आणि पापडी आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो तर २०१४ चा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-बाप असतात, पण मला धर्मपिता-धर्ममातेचे रकाने जास्त मोलाचे वाटतात. तिथे बहुधा मामा, आत्या, शेजारचे घर सापडते. तीन मुलांच्या नोंदीत तेच घर पुन्हा आले, की आडनावापेक्षा पक्का धागा हाती लागतो. विसाव्या शतकातल्या नोंदीचा समासही वाचावा. लग्न कुठल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) झाले, ते तिथे टिपण्याची पद्धत आहे. सासरी गेलेल्या मुली इथेच सापडतात, नाहीतर वंशवृक्षातून त्या गळतात. स्पेलिंगवर मात्र भरवसा नको: एकाच घरचे लोक ब्रिटो, डिब्रिटो, द ब्रिटो असे उतरलेले असू शकतात.

मग पैसे मोजायचे कशासाठी? तपासणीसाठी. ‘अँसेस्ट्री’च्या जादा पैशांच्या ‘प्रो टूल्स’मध्ये ‘ट्री चेकर’ आहे. दोनदा भरलेली व्यक्ती, पुराव्याविना टाकलेले नाव, जुळत नसलेल्या तारखा तो दाखवून देतो. एकाच नावाचे आजोबा आणि नातू असलेल्या घरात हे काम कागदावर करताना माणूस रडकुंडीला येतो. नकाशा आणि तक्तेही त्यात मिळतात. नोंदी धुंडाळायला मात्र आधी ‘फॅमिलीसर्च’ पाहावे, ते फुकट आहे. ‘फाइंडमायपास्ट’वर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी आहेत, पण त्यात मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन घराणी. पापडीच्या शेतकरी घराने तिथे फार अपेक्षा ठेवू नये.

डीएनए चाचणीचे आकर्षण मोठे. पण पिढ्यान् पिढ्या आपसात सोयरीक करणाऱ्या समाजात सगळेच सगळ्यांचे थोडेथोडे नातलग निघतात. चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडचे नाते यंत्राला प्रत्यक्षापेक्षा बरेच जवळचे भासू शकते. शिवाय अशा चाचण्या करणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीडेक कोटी ग्राहकांच्या माहितीचे काय होणार, हा प्रश्न जगभर विचारला गेला.

माझा सल्ला चिकटपणाचा वाटेल. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावे आणि आळ्या लिहून घ्याव्यात, मग धर्मग्रामाच्या फादरांची परवानगी काढून रजिस्टर पाहावे आणि सगळे जमल्यावर एकाच महिन्याची वर्गणी घ्यावी. त्या महिन्यात चुका काढाव्यात, मिळालेल्या नोंदींच्या प्रतिमा उतरवून घ्याव्यात आणि वंशवृक्ष ‘गेडकॉम’ स्वरूपात संगणकावर साठवावा. ही फाइल वंशावळीच्या दुसऱ्या बहुतेक प्रणालींत उघडते. वर्गणी संपल्यावर झाड संकेतस्थळावर राहते, जोडलेल्या सशुल्क नोंदी मात्र पुन्हा कुलपात जातात.