कोलेस्टेरॉलच्या 'हर्बल' कॅप्सूल: हळद, लसूण, कलौंजी खरंच किती कामाची?

सेनगावात आमच्या ओळखीच्या एका मामूंची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. घरी येताना डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यात एक गोळी कोलेस्टेरॉलची होती. काही महिने त्यांनी ती नियमित घेतली. मग कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. लसूण, हळद, कलौंजी आणि आणखी कायकाय असलेली कॅप्सूल, 'नसा साफ करणारी', 'साइड इफेक्ट नाही', वर 'शंभर टक्के हर्बल'. मामूंनी कॅप्सूल मागवली आणि डॉक्टरांची गोळी बंद केली. घरात कुणाला सांगितलं नाही. पुढच्या तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल दुपटीच्या वर गेलेलं निघालं, तेव्हा गोष्ट उघडी पडली. अल्लाहच्या मेहरबानीने दुसरा झटका येण्याआधी ते कळलं. आता गोळी पुन्हा सुरू आहे.

हे एकट्या मामूंचं नाही. कॅप्सूल, पावडर, काढा, तेल असं काही ना काही अनेक घरांत येत आहे. म्हणून या वनस्पतीजन्य पूरकांबद्दल, म्हणजे सप्लिमेंटबद्दल, अभ्यास काय सांगतात ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

आधी कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते पाहू

कोलेस्टेरॉल हा चरबीसारखा पदार्थ आहे. शरीराला तो लागतोच आणि बराचसा आपलं यकृत, म्हणजे कलेजा, स्वतः तयार करतं. रक्तातून तो वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल हा 'वाईट' मानला जातो, कारण जास्त झाला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतो. हे साचणं वर्षानुवर्षं चालतं. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच 'मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला' असं माणसाला वाटतं.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये आपल्या देशासाठी मार्गदर्शक आकडे दिले. धोका कमी असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली असावं, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांचं ७० च्या खाली आणि हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्यांचं ५५ च्या खाली. म्हणजे शेजाऱ्याला 'नॉर्मल' असलेला आकडा स्टेंट बसवलेल्या माणसाला नॉर्मल नसतो. रिपोर्ट हातात घेऊन आपणच ठरवू नये, ते एवढ्यासाठीच.

गोळी आणि कॅप्सूल समोरासमोर

२०२२ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. सुमारे १९० माणसांचे आठ गट केले. एका गटाला रोझुवास्टॅटिन या गोळीचा ५ मिलिग्रॅमचा छोटा डोस, एका गटाला औषध नसलेली नुसती गोळी आणि बाकी सहा गटांना हळद, लसूण, दालचिनी, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ आणि माशाचं तेल अशी पूरकं दिली. २८ दिवसांनी रक्त तपासलं. गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल सरासरी ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. सहा पूरकांपैकी एकानेही त्या नुसत्या गोळीपेक्षा एलडीएल ठळकपणे कमी केलं नाही. लसूण घेणाऱ्यांचं एलडीएल तर थोडं वाढलंच.

या प्रयोगाला रोझुवास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता आणि २८ दिवसांचा काळ छोटा आहे, हेही सांगायला हवं. पण लसणाबाबत २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास आला होता. त्यात १९२ जणांपैकी काहींना कच्चा लसूण, रोज साधारण एक पाकळी, तर काहींना लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या सहा महिने दिल्या. एलडीएलवर फरक पडला नाही.

हळद: आपल्या जिल्ह्याचं सोनं, पण औषध नव्हे

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमत, हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग आपण लहानपणापासून पाहतो. त्यामुळे हळदीबद्दल वाईट ऐकायला मन तयार होत नाही. आम्हीही वाईट सांगत नाही. सालनात, दुधात पडणारी हळद खुशाल खा.

पण हळदीत कर्क्युमिन हा घटक शेकडा तीनच्या आसपास असतो आणि आतड्यातून तो रक्तात फारच थोडा जातो. म्हणून कंपन्या कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क भरतात आणि सोबत काळ्या मिरीतील पिपेरिन टाकतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील १९९८ च्या अभ्यासात पिपेरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण सुमारे वीस पट वाढल्याचं दिसलं होतं. जाहिरातीत हे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण शोषण वाढलं की धोकाही वाढतो. हळदीच्या अशा तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना इटली, अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुग्गुळ आणि लाल तांदूळ

गुग्गुळाचं आधुनिक संशोधन आपल्याच देशात झालं. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या प्रबंधातून सुरुवात झाली आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड हे औषध तयार केलं. भारतातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत फायदा दिसला. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात एलडीएल उतरण्याऐवजी ४-५ टक्क्यांनी वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

लाल यीस्टच्या तांदळाची गोष्ट वेगळी. त्यात मोनाकोलिन के नावाचा घटक असतो आणि तो म्हणजे लोवास्टॅटिन हे औषधच. 'केमिकल नको' म्हणून ही कॅप्सूल घेणारा माणूस तेच औषध घेतो, फक्त किती घेतो ते त्याला माहीत नसतं. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये यावर मर्यादा घातली. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये अशा तांदळाच्या गोळ्यांनी लोकांच्या किडन्यांना इजा झाल्याचं समोर आलं आणि माल परत घ्यावा लागला.

आणखी एक गंमत. ज्या स्टॅटिनला लोक 'केमिकल' म्हणतात, तिचा शोध जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून लावला. म्हणजे मूळ निसर्गातलंच. फरक एवढाच की तिचा डोस, फायदा आणि तोटा लाखो माणसांवर तपासला गेला आहे.

कलौंजी आणि आपली अकीदत

आता नाजूक विषय. कलौंजीत शिफा असल्याचं हदीसमध्ये आलं आहे आणि त्यावर आपला विश्वास आहे. छोट्या अभ्यासांत कलौंजीने कोलेस्टेरॉल थोडंफार कमी झाल्याचंही दिसतं. पण मोठे, दीर्घ काळाचे अभ्यास नाहीत आणि हार्ट अटॅक टळतो असं कुठल्या अभ्यासाने दाखवलेलं नाही.

आपल्याला आठवण द्यायची आहे ती दुसऱ्या एका रिवायतीची. अबू दाऊदच्या संग्रहात येतं, हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या छातीत दुखत होतं. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीला गेले, अजवा खजूर सांगितली आणि त्या काळचे हकीम हारिस बिन कलदा यांच्याकडे जायलाही सांगितलं. खजूर आणि हकीम, दोन्ही. कलौंजी खाल्ली म्हणून डॉक्टर सोडायचा, असं दीन कुठे सांगतो? सुन्नतच्या नावाने कॅप्सूल विकणारा दुकानदार आणि सुन्नत, यात फरक करायला आपण शिकलं पाहिजे.

मग वनस्पतींतून काहीच फायदा नाही का?

आहे, आणि तो स्वस्तात आहे.

इसबगोल: रोज साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे भुसी भरपूर पाण्यासोबत घेतली तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. भुसी आतड्यातलं पित्त धरून ठेवते. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचून घेतं. बाकी गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

सोयाबीन: आपल्या तालुक्यात शिवारं सोयाबीनने भरतात, पण पीक मोंढ्यावर जातं आणि घरात पामतेल येतं. रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिनं, म्हणजे साधारण ५० ग्रॅम सुक्या सोया वड्या, खाल्ल्यास एलडीएल ३-४ टक्के कमी होतं. निम्म्या कीम्यात सोया वडी मिसळली तर फायदा दुहेरी, कारण चरबीही निम्मी होते.

वनस्पती स्टेरॉल: जेवणातून रोज २ ग्रॅम मिळाले तर ८ ते १० टक्के फरक पडतो. साध्या आहारातून मात्र पाव-अर्धा ग्रॅमच मिळतात. तीळ, शेंगदाणे, डाळी, हरभरे यांनी त्यात भर पडते.

डालडा, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली भजी-समोसे, पायाच्या रश्श्यावरचा तवंग हे कमी केलं तर कुठल्याही कॅप्सूलपेक्षा जास्त कमाई आहे. तंबाखू, गुटखा, बिडी सोडणं तर सर्वात वर.

हे सगळं मिळूनही ज्याला ३०-४० टक्के घट हवी आहे त्याचं काम गोळीशिवाय होत नाही. आहार गोळीच्या सोबतीला आहे, गोळीच्या जागी नाही.

कॅप्सूल घेतच असाल तर

एक, कॅप्सूलचं कवच पाहा. बरीच कवचं जिलेटिनची असतात आणि जिलेटिन गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. पाकिटावर हिरवी खूण असेल तर ते शाकाहारी असतं. तपकिरी खूण प्राणिजन्य एवढंच सांगते, कोणत्या प्राण्याचं ते नाही. हलाल प्रमाणपत्र नसेल तर विचारा.

दोन, लेबल वाचा. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा पूरकांवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही, असं छापावं लागतं. जाहिरात हृदयरोग बरा करण्याचा दावा करत असेल तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो.

तीन, डॉक्टरांपासून लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत लसूण किंवा हळदीचे अर्क घेतले तर रक्तस्राव वाढू शकतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर कॅप्सूल थांबवून लगेच दाखवा. हकीमसाहेबांचा खमीरा घेत असाल तर त्यात साखर किंवा मध असतो, मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चार, गोळीचाही त्रास होऊ शकतो. काहींचं अंग दुखतं, थोड्या जणांची साखर किंचित वाढते. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. त्रास झाला तर डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. मनानेच बंद करणं हा उपाय नव्हे.

पाच, रमजानमध्येही गोळी सुटत नाही. रोझुवास्टॅटिन, अटोरव्हास्टॅटिन इफ्तारनंतर किंवा सहरीला, केव्हाही चालते. बाकी गोळ्यांचं वेळापत्रक रमजान लागण्याआधीच डॉक्टरांकडून करून घ्या.

खर्चाची काळजी असेल तर जनऔषधी केंद्रात स्टॅटिनच्या गोळ्या बाजारापेक्षा खूप स्वस्त मिळतात. महिन्याच्या हर्बल डब्याच्या पैशात बहुतेकदा अनेक महिन्यांच्या गोळ्या येतात. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. तिथेच कोलेस्टेरॉलच्या तपासणीबद्दल विचारा.

आज घरी गेल्यावर एवढं करा. अब्बा, अम्मी, चाचा, मामू यांच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा. कोणती गोळी संपली नाही, कोणती नवी बाटली आली आहे? रागावू नका, विचारा. मामूंची गोष्ट घरच्यांना वेळेवर कळली. आपल्या घरची कळायला उशीर होऊ नये.