क्रोशाची सुई आणि कष्टाचे मोल

रमजानचा चाँद दिसला की पिंपरी कॅम्पापासून पुण्याच्या मोमीनपुऱ्यापर्यंत बाजारात पांढऱ्या जाळीदार टोप्यांचे ढीग लागतात. तरावीहच्या नमाजला वडिलांचे बोट धरून निघालेला लहान मुलगाही नवी टोपी मागतो. ही जाळी दिसते क्रोशाची; पण ढिगातल्या बहुतेक टोप्यांना क्रोशाची सुई कधी लागलेलीच नसते. त्या यंत्रावर विणलेल्या असतात. एकेकाळी हीच टोपी घरातली दादी, फुफी किंवा खाला विणत असे. शेजारच्या घरात त्याच सुईने दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल आणि बाळाचे टोपडे तयार होई. दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींचे नमुने बघून उचलत. आज त्या सुया कपाटाच्या तळाशी, जुन्या बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत.

विशेष म्हणजे खरा क्रोशा अजूनही यंत्राला जमलेला नाही. यंत्र त्याची नक्कल करते. वरून वीण सारखी दिसते, उसवायला घेतली की फरक कळतो. म्हणजे हे काम आजही माणसाच्या हातांची वाट पाहत आहे. हे हात कोणाचे असू शकतात, याचे एक उत्तर आपल्या सहसा लक्षात येत नाही. ते हात दृष्टिहीन स्त्रियांचे असू शकतात.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यात सुमारे २४ लाख स्त्रिया होत्या. दृष्टी नसलेल्या मुलाला घराबाहेर पाठवताना आई-वडील एकदा विचार करतात, तर मुलीला पाठवताना दहादा. शिक्षण झाले तरी नोकरी मिळतेच असे नाही. मग कित्येक जणींचे आयुष्य घरच्यांच्या आधाराने, एका खोलीत सरते. अशा घरात बसून करता येण्याजोगे आणि विकता येण्याजोगे काम म्हणून क्रोशाकडे गंभीरपणे पाहायला हवे.

एका वेळी एकच टाका

लोकरीच्या दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उभे असतात. त्यातला एक निसटला की तो थेट खालपर्यंत उसवत जातो आणि डोळ्यांनी शोधल्याशिवाय सापडणे कठीण होते. क्रोशाचे तसे नाही. आकड्याच्या सुईवर एका वेळी बहुधा एकच टाका जिवंत असतो. बाकीचे सगळे बांधले गेलेले असतात. तो टाका निसटलाच तर बोटांनी चाचपून परत उचलता येतो. काम थांबवायचे असेल तर त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि निश्चिंत उठायचे.

दुसरी सोय आकड्यांची. क्रोशाची भाषाच मोजण्याची आहे: इतक्या साखळ्या, इतके मुके खांब, इतके खांब. गोल टोपीचा माथा खांबांनी विणायचा असेल तर पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, असे फेरीमागे १२ वाढवत जायचे. माथा पुरेसा रुंद झाला की वाढ थांबवायची. मग बाजूची भिंत आपोआप खाली उतरू लागते. खांब जास्त वाढले तर कडेला झालर पडते, कमी पडले तर माथा वाटीसारखा वळतो. दोन्ही चुका नजरेच्या आधी तळहाताला कळतात.

शिकवण्याची रीत मात्र वेगळी हवी. सुरुवातीला बारीक दोरा नको. जाड लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई बरी. शिकवणारीने आपला हात शिकणारीच्या हाताखाली ठेवून प्रत्येक हालचाल सावकाश करून दाखवायची. साखळीच्या वरच्या अंगाला दोन धाग्यांची चिमटीएवढी खाच असते. ती ओळखू आली की निम्मे काम शिकून झाले. फेरी जिथे सुरू होते तिथे पिन लावायची. लोकरीचा गुंडा घरंगळू नये म्हणून खोल भांड्यात ठेवायचा. फेऱ्या मोजायला तसबीह किंवा जपमाळेसारखी मण्यांची माळ हाताशी असावी. नमुना ब्रेलमध्ये लिहून ठेवता येतो किंवा मोबाइलवर आवाजात भरून पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

अडते ते रंगापाशी. रंग बोटांना कळत नाही. त्यासाठी प्रत्येक गुंड्याला दोरीची खूण बांधायची: पांढऱ्याला एक गाठ, लालला दोन, हिरव्याला तीन. गाठ बांधताना एकदाच कुणी डोळस माणसाने रंग सांगावा लागतो. बाकी सारे काम तिचे तिचे.

केडगावचा वारसा

दृष्टिहीन स्त्रियांना हातकाम शिकवण्याची कल्पना पुणे जिल्ह्याला नवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. त्यात अंध स्त्रियाही होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी त्यांच्यासाठी ब्रेलचे शिक्षण सुरू केले आणि जोडीला हातकामही आले. १९०० मध्ये मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती दादरची कमला मेहता अंध मुलींची शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. तिकडे आयर्लंडमध्येही १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात उपाशी घरांना जगवले ते क्रोशाच्या लेसने. उपासमारीच्या काळात स्त्रियांच्या हातात सुई देणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती: एका वेळचे जेवण त्या वेळेपुरते असते, हुन्नर जन्मभर पुरतो.

आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आळंदी देवाची येथे ‘जागृती’ ही अंध मुलींची निवासी शाळा आहे. मुली तिथे शिकतात, मोठ्या होतात. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. शाळा सुटल्यावर, घरी परतल्यावर काय?

पुनावळ्यात काय करता येईल?

पवनाकाठचे पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेत आले. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. हिंजवडीत नोकरी करणारी कुटुंबे देशभरातून इथे राहायला आली. महामार्गाखालच्या भुयारी मार्गातली कोंडी डोळसांनाही घाम फोडते. पांढरी काठी घेऊन तिथून रोज ये-जा करणे किती कठीण, हे सांगायला नको. म्हणून दृष्टिहीन स्त्रीला दूरच्या केंद्रात बोलावण्यापेक्षा केंद्रच तिच्या इमारतीत, तिच्या गल्लीत नेणे शहाणपणाचे.

त्यासाठी फार काही लागत नाही. सोसायटीच्या सभागृहातला एक कोपरा आठवड्यातून दोन दुपारी पुरे. शिकवणाऱ्या तर याच इमारतींत आहेत. मुला-सुनेकडे राहायला आलेल्या, क्रोशा उत्तम येणाऱ्या, पण ‘आता हे कोण वापरतं?’ असे ऐकून सुई बाजूला ठेवलेल्या आज्या. त्यांची कला त्यांच्याबरोबर संपायची नसेल तर ती कुणाच्या तरी हातात जायला हवी. हातावर हात ठेवून शिकवताना एकीचा एकटेपणा आणि दुसरीचे परावलंबन, दोन्ही थोडे कमी होतील.

सरकारी आधारही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण असून त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. महापालिकेची पवनाथडी जत्रा महिला बचत गटांसाठीच भरते. दृष्टिहीन स्त्रियांचा गट झाला तर तिथे त्यांचाही स्टॉल लागू शकतो.

दया नको, दाम हवा

इथे एक इशारा आवश्यक आहे. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कलेची ख्याती मोठी. पण १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारिया मीस यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली होती. घरात बसून विणणाऱ्या बायकांना कामगार मानलेच जात नव्हते. त्या ‘फावल्या वेळात’ विणतात असे म्हणून मजुरी नगण्य ठेवली जाई, आणि नफा व्यापारी-निर्यातदारांकडे जाई. घरातले काम डोळ्यांआड राहते. करणारी दृष्टिहीन असेल तर फसवणूक आणखी सोपी.

म्हणून हिशेब आधी मांडावा. समजा, एका टोपीला ६ तास लागले आणि तासाला ५० रुपये धरले, तर नुसती मजुरी ३०० रुपये होते, दोरा वेगळा. यंत्राची टोपी त्याहून फार स्वस्तात मिळते. तेव्हा हातच्या टोपीने बाजारातल्या ढिगाशी स्पर्धा करू नये. मागणी नोंदवून विणलेली टोपी, बाळंतविड्यातले टोपडे-मोजे, दाराचे तोरण, कापसाने भरलेली खेळणी यांना हाताच्या कामाची किंमत देणारे ग्राहक मिळतात. आणि माल ‘बिचाऱ्यांनी केलाय’ म्हणून विकू नये. वीण चांगली आहे म्हणून विकावा. दयेने घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याच जोडीला हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची आठवण या महिन्यात व्हायला हवी. ते अंध होते. कुरआनातील ८० वा अध्याय, सूरह अबस, त्यांच्याच प्रसंगाने सुरू होतो. पैगंबरांनी त्यांना फजरच्या अजानची जबाबदारी दिली होती. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र बाकी असतानाच होई, तिच्यानंतरही सहेरी चालू राही आणि इब्ने उम्मे मकतूम यांच्या अजानवर थांबे. पहाट झाली हे लोक त्यांना सांगत आणि ते अजान देत. उजेड पाहणे इतरांचे, हाक देणे त्यांचे. साऱ्या मदिनेचा रोजा त्या आवाजावर सुरू होई.

समाजाने दृष्टिहीन स्त्रीसाठी एवढेच करायचे आहे. लोकरीचा रंग सांगायचा, नमुना वाचून दाखवायचा, माल बाजारात पोहोचवायचा आणि ठरलेला दाम वेळेवर तिच्या हातात ठेवायचा. ईदला अजून दिवस आहेत. कपाटातली सुई बाहेर काढायला तेवढे पुरेसे आहेत.