सुधागड चढावा, उन्हेऱ्यात उतरावं

पाली म्हटलं की बल्लाळेश्वर. अष्टविनायक यात्रेची बस येते, दर्शन होतं, बाजारातून पोह्याचे पापड नि मिरगुंड घेतले जातात आणि बस पुढच्या गणपतीच्या वाटेला लागते. पाली हे ज्या तालुक्याचं ठाणं आहे, त्या तालुक्याचं नाव मात्र एका गडावरून पडलंय. तो गड म्हणजे सुधागड. शनिवारी गड चढावा, रात्री वर मुक्काम करावा आणि रविवारी उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकून घरी परतावं, असा बेत चार मित्रांनी मिळून जरूर आखावा. घनदाट रान, भरभक्कम इतिहास आणि शेवटी दमलेल्या पायांना ऊन पाणी, असा योग रायगड जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी जुळून येतो.

गडाच्या दोन वाटा जास्त वापरातल्या आहेत. पाच्छापूरजवळच्या ठाकूरवाडीतून जाणारी वाट जवळची. मध्ये लोखंडी शिडी लागते आणि दीड-दोन तासांत माणूस माथ्यावर पोहोचतो. धोंडसे गावातून येणारी वाट लांबची, दमवणारी आणि गर्द झाडीतली. पायांत बळ असेल तर धोंडशानं चढावं आणि ठाकूरवाडीत उतरावं, कारण गडाचा दिंडी दरवाजा धोंडशाच्या वाटेवर आहे. दोन दणकट बुरुजांच्या आड तो असा लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वाट बुरुजाला वळसा घालून आत शिरते आणि मग एकदम कमान समोर येते. धडका देऊन दरवाजा फोडायचा म्हटलं तर शत्रूला समोर सरळ मोकळी जागाच मिळू नये, ही त्यामागची युक्ती. रायगडचा महादरवाजा पाहिलेल्याला ही धाटणी लगेच ओळखू येते.

गडाचं जुनं नाव भोरपगड. १६४८ मध्ये तो स्वराज्यात आला आणि त्याचा सुधागड झाला. कोकणातून देशावर चढणाऱ्या सवाष्णीच्या आणि नाणदांडच्या घाटांवर इथून नजर ठेवता येई, त्यातच त्याचं महत्त्व होतं. औरंगजेबाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेला शाहजादा अकबर १६८१ मध्ये याच गडाच्या पायथ्याशी येऊन राहिला आणि छत्रपती संभाजीराजांनी त्याची भेट घेतली ती पाच्छापुरात. आज एसटीतून उतरून बूट आवळताना आपण ज्या शिवारात उभे असतो, तिथे एकेकाळी दिल्लीच्या तख्ताचा वाद येऊन ठेपला होता.

माथा मोठा ऐसपैस आहे. तलाव, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, धान्यकोठारांचे अवशेष, चोरदरवाजा हे सगळं निवांत हिंडून पाहायला अर्धा दिवस तरी हवा. भोरच्या पंतसचिवांचा वाडा आणि त्यांची कुलदेवता भोराई हिचं देऊळ ही गडावरची दोन मुख्य ठिकाणं. देवळाच्या आवारात दीपमाळ आहे, वीरगळ आहेत. वाडा १७०५ मधला. त्याच्या ओसरीवर पथाऱ्या टाकून डोंगरवेड्यांच्या कितीतरी पिढ्या झोपल्या आहेत. संध्याकाळी पूर्वेच्या कड्यावर यावं. समोर तैलबैलाच्या दोन कातळभिंती, त्यांच्या आजूबाजूला घनगड आणि कोरीगड. मागे वळलं तर पालीचा सरसगड. हे सारं उन्हं कलताना पाहायचं असेल तर वर मुक्कामाला पर्याय नाही.

रविवारी उन्हेऱ्याला गेल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की हे पाणी तापतं कशानं? सह्याद्री लाव्हापासून घडला खरा, पण त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या लाव्हाची धग कधीच विझली. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत जातं, त्यामुळे खोल गेलेलं पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वाटेत खडकांतले क्षार आणि गंधक सोबत घेतं. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं राजवाडी ते थेट राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची माळच कोकणात आहे. उन्हेरे तिच्यातलंच एक.

म्हणजे शनिवारी गडावरच्या टाक्यात पाहिलेलं पाणी आणि रविवारी अंगावर घेतलेलं पाणी, दोन्ही पाऊसच. एक खडकाच्या पोटात साठून राहिलेला, दुसरा खडकाच्या पोटातून तापून आलेला. म्हणूनच हा गड आणि ही कुंडं एकाच फेरीत पाहावीत.

कुंडं बांधून काढलेली आहेत, शेजारी विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. काठावर बसलं की आधी गंधकाचा वास येतो, मग तळातून सुटणारे बुडबुडे दिसतात. पाय सोडल्यावर पहिला क्षण चटका बसतो. थोड्याच वेळात पोटऱ्या सैल पडतात आणि आदल्या दिवशीची चढण अंगातून उतरू लागते. एकदम गळ्यापर्यंत उतरू नये. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावं.

या पाण्याशी वागताना मात्र डोकं ठिकाणावर हवं. कुंडात साबण-शाम्पू लावणं आणि गडावरच्या टाक्यात खरकटी भांडी विसळणं हा एकाच जातीचा गुन्हा आहे. टाक्याचं पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरायचं असतं. वाड्यात आपल्यामागून येणारेही तेच पिणार असतात. गडाभोवतीचं रान अभयारण्यात मोडतं, तेव्हा चुलीसाठी झाडाला हात लावायचा नाही. स्टोव्ह सोबत न्यावा आणि कचरा पाठपिशवीतून खाली आणावा.

कसं जाल : पाली खोपोली-वाकण रस्त्यावर आहे. मुंबई-पुण्याहून खोपोलीमार्गे, तर कोकणातून येणाऱ्यांना वाकण फाट्यावरून सोयीचं. पालीहून पाच्छापूर सुमारे १२ किलोमीटर आणि उन्हेरे दुसऱ्या बाजूला जेमतेम ३ किलोमीटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शिडी आणि कातळ निसरडे होतात. मुक्कामाबद्दल गावात आणि वनखात्याकडे आधी चौकशी करावी, वाटाड्या पायथ्याच्या वाडीतलाच घ्यावा. त्याला चार पैसे मिळतात आणि आपल्याला रानाची ओळख होते.