लाल-निळ्या चित्राची उलटतपासणी

मागच्या भागात आपण पाहिलं, की एखाद्या वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून, म्हणजे मेश करून, संगणक तिच्यातला ताण कसा काढतो. उत्तर रंगीत चित्राच्या रूपात समोर येतं : लाल तिथे जास्त ताण, निळा तिथे कमी. हे चित्र हिशेब चुकलेला असला तरी तितकंच देखणं दिसतं. म्हणून ते तपासायचं कसं, हा मला या लेखमालेतला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

23 ऑगस्ट 1991. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत ‘स्लाइपनर ए’ या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. या पायात 24 उभ्या पोकळ नळकांड्या एकमेकींना चिकटून होत्या आणि तीन नळकांड्या जिथे भेटतात तिथे त्रिकोणी पोकळी राहत होती. ती वरून उघडी, त्यामुळे तिच्यात समुद्राचं पाणी आणि भिंतीवर पूर्ण दाब. साधारण 65 मीटर खोलीच्या दाबाला एक भिंत फुटली, पाणी आत घुसलं आणि सगळा पाया तळाशी गेला. तो आपटल्याचा धक्का भूकंपमापकांवर रिश्टर 3 इतका उमटला. जीवितहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचं.

चौकशीत मूळ सापडलं ते मेशमध्ये. त्या भिंतींच्या टोकांशी एलिमेंट, म्हणजे मेशचे तुकडे, फार मोठे आणि तिरके होते. त्यामुळे शिअर, म्हणजे भिंतीला आडवं कापू पाहणारं बल, 47 टक्के कमी निघालं होतं. भरीला त्या सांध्यातल्या सळ्याही आखूड ठेवलेल्या.

मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. 65 मीटर खोलीला दर चौरस मीटरवर साधारण 65 टनांचा भार येतो. भिंत म्हणजे दोन टोकांना धरलेली तुळई समजा : भार गुणिले लांबी, भागिले दोन, की टोकाचं शिअर आलं. पदविकेच्या विद्यार्थ्याला जमणारा हा गुणाकार. तो त्या एका भिंतीपुरता जरी संगणकाच्या आकड्याशेजारी मांडला असता, तरी इतकी मोठी तफावत नजरेतून सुटली नसती. अपघातानंतर नीट मेश करून केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटरला फुटेल असं आलं. म्हणजे पद्धत खरी होती, तिची तपासणी अपुरी पडली.

इथे एक बारकावा आहे. सॉफ्टवेअर आधी विस्थापन, म्हणजे कुठला बिंदू किती सरकला ते काढतं. ताण त्या सरकण्याच्या उतारावरून येतो, त्यामुळे त्यात चूक जास्त राहते. विस्थापनाचा आकडा स्थिरावला म्हणून ताणही स्थिरावला असं कधीच धरू नये. मेश बारीक करून गणित पुन्हा चालवायचं, आणखी बारीक करून पुन्हा, आणि हव्या त्या जागचा ताण बदलायचा थांबतो का ते पाहायचं.

हात बसवण्यासाठी ओढलेल्या पत्र्यातलं गोल भोक घ्या. पत्रा भोकाच्या मानाने खूप रुंद असेल, तर भोकाच्या कडेचा ताण दूरच्या ताणाच्या तिप्पट असतो, हे कीर्श यांनी 1898 मध्येच गणिताने दाखवलं होतं. तुमचं मॉडेल मेशगणिक 3 च्या जवळ सरकायला हवं.

मात्र आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यावर ही युक्ती चालत नाही. तिथे मेश जितकी बारीक, तितका ताण वाढतच जातो, कारण रेखीय सिद्धांतात त्या बिंदूवरचा ताण अनंत असतो. त्या आकड्यावर जाडी ठरवणं व्यर्थ. प्रत्यक्ष भागाला तिथे जेवढी गोलाई असते तेवढी मॉडेलमध्ये द्यावी आणि मग मोजावं.

एवढं करूनही सिद्ध होतं ते इतकंच, की समीकरणं बरोबर सुटली. भार आणि आधार खऱ्यासारखे धरले होते का, हे खऱ्या भागावर स्ट्रेन गेज, म्हणजे पृष्ठभाग किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी, चिकटवल्यावर कळतं. ते गेज कुठे आणि कसे लावायचे, ते पुढच्या आठवड्यात.